तारेचं सांगायचं राहिलं

ये, जरा जवळ बस. तू बंगळूरला आणि मी वारज्याला, तरी म्हणते जवळ बस, कारण मला मोठ्यानं बोलायचं नाहीये. आणि आधी बोलणी खाऊन घे, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल. अठरा दिवस झाले, तुझा मला फोन नाही. घरच्या ग्रुपमधून उठून गेलीस, तेही न सांगता. अगं, पाहुण्याच्या घरातूनसुद्धा माणूस "येते" म्हणून उठतं. मी तुझी आत्या आहे, तुला न्हाऊमाखू घातलंय. माझ्यावर राग धरायचा तर समोर येऊन धर. मला भांडणाचं काही वाटत नाही, पन्नास वर्षं पुण्यात काढलीत मी. पण गप्प बसू नकोस. आपल्या घरात सध्या गप्प बसणारा एक पुरे आहे.

हे पत्र नाही. पत्र असतं तर पाकिटात घालून पाठवलं असतं. हे मी छापायला देणार आहे आणि तुझ्या बापानंच तसं सांगितलंय. "चारचौघांत बोललीस नव्हं? मग चारचौघांतच दुरुस्त कर." छापून येईल तेव्हा येईल, तुला आजच मोबाइलवर पाठवते; पुढे हे आणखी लोक वाचतील. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, पण मला एका माणसाकडे बघितल्याशिवाय बोलता येत नाही. शाळा सातवीपर्यंत. बाकी जे काही आलं ते वाचनालयातल्या पुस्तकांनी शिकवलं, आणि पुस्तक वाचतानाही मी त्याच्याशी बोलते, हे तू लहानपणापासून बघितलंयस.

तर ऐक. आमच्या सोसायटीशेजारी बाग आहे आणि बागेला लागून पत्र्याचा हॉल. तिथं दर बुधवारी दुपारी ज्येष्ठ नागरिकांचा संघ भरतो. एका बुधवारी भजन, एका बुधवारी गुडघेदुखीवर कुणी डॉक्टर, आणि महिन्यातून एकदा वादविवाद. वादविवाद म्हणजे आमच्याकडची मोठी गोष्ट. विषय अध्यक्ष काढतात. बोलणाऱ्यांनी स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीत "बाजूने" आलं तर बाजूने बोलायचं, "विरुद्ध" आलं तर विरुद्ध. स्वतःला काय वाटतं ते घरी ठेवून यायचं. तीन मिनिटं झाली की अध्यक्ष टेबलावरची घंटा दाबतात. मी एका वर्षी मोबाइल हा शाप आहे म्हणून पहिली आले आणि पुढच्या वर्षी तो वरदान आहे म्हणून पहिली आले. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा. आता विचार करते, बाई, तू काय विकत होतीस तिथं बसून?

या खेपेला विषय निघाला तो टीव्हीमुळे. रोज संध्याकाळी लढाईचं तेच. पडलेल्या इमारती, धुळीतून बाहेर काढलेली माणसं, आणि खाली पट्टीवर क्रिकेटचा स्कोअर. संघात दोन तट पडले होते. एक म्हणायचे, त्यांनीच सुरुवात केली, आता भोगा. दुसरे म्हणायचे, पोराबाळांनी काय सुरुवात केली? चहाच्या वेळी आवाज चढायला लागले तसे अध्यक्ष म्हणाले, "भांडायचंच आहे तर नियमात भांडा." आणि फळ्यावर विषय लिहिला: युद्धात घेतलेल्या निर्णयांचा दोष देशाला लागत नाही.

मला चिठ्ठी आली "बाजूने". म्हणजे दोष लागत नाही, असं मी पटवून द्यायचं.

तुझा बाप तेव्हा माझ्याकडेच होता. तुझी आई गेल्यापासून तो इथंच आहे, आणि इथं आल्यापासून खिडकीतल्या खुर्चीत आहे. मीच त्याला ओढून नेलं. म्हटलं, "चल, घरात बसून काय अंडी उबवतोस? बहीण कशी बोलते ते तरी ऐक." तो म्हणाला, "तुझं बोलणं मी अठ्ठ्याहत्तर वर्षं ऐकतोय, आक्के. फुकट." पण आला. धुतलेली टोपी घालून आला आणि तिसऱ्या रांगेत कडेला बसला.

आता मी जे केलं ते सांगण्याआधी, मला काय माहीत होतं ते सांगायला हवं. ते तुला माहीत नाही. तुझ्या आईलाही माहीत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या बागेचं तारेचं कुंपण काढून तिथं लोखंडी जाळी बसवायची ठरली. कामगार आले, त्यांनी खांब उपटले आणि तार गुंडाळायला घेतली. तुझा बाप वरून खिडकीतून बघत होता. मी वाटाणे सोलत होते. काही कळायच्या आत तो अनवाणी खाली गेला आणि त्या माणसांच्या हातातली तार ओढायला लागला. "राहू द्या ती. ती काढायची न्हाय. माणसं चालत्याती हितनं." कामगार बिचारे हसावं की पळावं या विचारात. वॉचमननं त्याला हाताला धरून वर आणलं. त्याच्या तळहातांना तार लागून रक्त आलं होतं. मी हळद लावत होते आणि तो बोलायला लागला. पन्नासहून जास्त वर्षांनी, भर दुपारी, वाटाण्याच्या सालींत बसून.

तो फौजेत होता हे तुला माहीत आहे. सुरुंग पेरायचं आणि काढायचं काम करणाऱ्या तुकडीत होता हे कदाचित माहीत नसेल. लढाई झाली तेव्हा तो बावीस-तेवीस वर्षांचा. आपल्या फौजेनं सीमेपलीकडचा काही मुलूख घेतला होता. तिथं एका गावाबाहेर गव्हाच्या रानात सुरुंग पेरले, ओळीनं, नकाशा काढून. भोवती तार लावली आणि तारेला लाल पत्रे टांगले, की माणसानं बघून थांबावं. पुढे लढाई थांबली, मुलूख परत द्यायचं ठरलं. मग पेरलेलं सगळं काढायचं काम आलं. पोटावर झोपायचं, हातात सळई, इंच इंच माती टोचत पुढे जायचं. त्यात मधल्या काळात कालव्याचं पाणी रानात फिरलेलं, म्हणून सुरुंग जागेवरून सरकलेले. नकाशात एक आणि जमिनीत भलतंच. एक ओळ काढली की त्या ओळीभोवतीची तार गुंडाळून घ्यायची, कारण तार, खुंट्या, पत्रे सगळं परत जमा करायचं असायचं. तशी कामाची रीतच होती. ओळ साफ, तार गोळा. ओळ साफ, तार गोळा.

शेवटच्या दिवशी दोन ओळी राहिल्या होत्या. त्याच सकाळी त्याच्या शेजारी झोपून काम करणाऱ्या पोराचा पाय गेला होता. साताऱ्याकडचा होता तो. दुपारी साहेबानं सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, "दोन ओळी उरल्यात, संध्याकाळपर्यंत निघायचंय. हुकूम देत नाही. कोण थांबतंय?"

कुणी हात वर केला नाही. तुझ्या बापानं पण नाही. साहेबानं कुणाला दोष दिला नाही. त्यानं नकाशावर त्या दोन ओळींना लाल पेन्सिलीनं खूण केली आणि म्हणाला, नकाशा पलीकडच्या लोकांना जाईल, ते बघतील. तो साहेब वाईट होता असं तुझा बाप कधी म्हणाला नाही. "त्येनं आमची पोरं वाचवली," एवढंच म्हणाला.

आणि मग सामान गोळा करायची घाई. तुझ्या बापाकडे तार होती. तो सवयीनं गेला आणि तार गुंडाळत सुटला. पहिल्या साफ ओळीची, दुसऱ्या साफ ओळीची, आणि तशीच पुढे त्या दोन ओळींची पण. लाल पत्र्यांसकट. कुणी सांगितलं नव्हतं काढ म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं ठेव म्हणून पण. त्यानं भेंडोळं गाडीत टाकलं, आणि माल पूर्ण भरला म्हणून हवालदारानं त्याला शाबासकी दिली.

गाडी निघायला वेळ होता. ते बांधावर उभे होते. पलीकडून गावातली माणसं परत यायला लागली होती, गाठोडी घेऊन. एक बाई, डोक्यावर बोचकं, मागे दोरीला शेळी. ती रस्त्यानं आली नाही. रान तिचंच असावं, नाहीतर पायाखालची वाट असावी. ती रानात शिरली. तुझ्या बापाच्या तेव्हा ध्यानात आलं की आपण काय गुंडाळून आणलंय. तो ओरडला. आधी मराठीतच ओरडला, "थांब, थांब." मग हिंदीत. तो जितका ओरडला तितकी ती घाबरली. वर्दीतला माणूस हात हलवत ओरडतोय म्हटल्यावर कोण थांबेल, सांग. तिनं ओढणी आवळली आणि पळायला लागली. सरळ.

शेळी बराच वेळ ओरडत होती, म्हणाला. एवढं सांगून झाल्यावर त्यानं माझ्याकडून वाटाण्याची परडी घेतली आणि उरलेले सगळे वाटाणे सोलून दिले.  मी साली गोळा केल्या.

आता तुला एक विचारते. तू लहानपणी म्हणायचीस, गावाकडं लोणीच्या रानात आई राबते आणि बाबा बांधावर बसतात. गावभर लोक त्याला आळशी म्हणायचे. फौजेतून आला आणि मिजास घेऊन आला, म्हणायचे. तुझ्या आईनं नांगरट केली, पेरलं, काढलं आणि तुझा बाप बांधावरून बैलांना हाका मारायचा. नांगरलेल्या मातीत त्यानं परत पाय घातला नाही. पुढे रान कॉलेजवाल्यांना गेलं तेव्हा गावात सगळे रडले आणि एक हाच शांत झोपला. ते का, हे तुझ्या आईला कळायला हवं होतं. ती गेली. तुला तरी कळू दे.

तर हे सगळं मला माहीत होतं. आणि त्या बुधवारी मी उभी राहिले.

माझ्या विरुद्ध बोलणाऱ्या एक निवृत्त बाई होत्या, शाळेत इतिहास शिकवायच्या. त्या आधी बोलल्या. नेमकं बोलल्या, की देश म्हणजे कुणी आभाळातला बाप्पा नव्हे, देश म्हणजे हुकूम देणारे आणि पाळणारे आणि घरी बसून पेढे वाटणारे, मग दोष कुणाला लागणार, गाईगुरांना? लोक हसले. मला दिसत होतं की हॉल त्यांच्याकडे झुकतोय. माझ्याकडे मुद्दे होते, पण कोरडे. मला जिंकायचं होतं, पोरी. खरं सांगते, दुसरं काही नव्हतं मनात. पाचव्यांदा पहिलं यायचं होतं.

आणि मी म्हटलं, "मी पुस्तकातलं सांगत नाही, घरातलं सांगते." सांगितलं. रान सांगितलं, सुरुंग सांगितले, बाई सांगितली, शेळी पण सांगितली. म्हटलं, "माझा भाऊ शत्रूच्या बाईसाठी घसा फुटेपर्यंत ओरडला. ती थांबली नाही. आता सांगा, दोष कुणाचा? ज्यानं जीव वाचवायला हाक मारली त्याचा, की ज्यांनी लढाई लादली त्यांचा?"

तारेचं सांगितलं नाही. विसरले नाही. माझ्या जिभेवर आलं होतं. ते माझ्या बाजूचं नव्हतं म्हणून गिळलं.

त्या बाईंनी उत्तराच्या मिनिटात बरोब्बर तिथंच बोट ठेवलं. "भावाचं कौतुक वाटलं. पण ते सुरुंग तिथं पावसाबरोबर पडले होते का?" मी म्हटलं, "लढाईत सुरुंगच असतात, बाई. भोंडला नसतो." हॉल असा हसला म्हणून सांगू. टाळ्या थांबेनात. एक गृहस्थ तर उभे राहिले आणि तिसऱ्या रांगेकडे वळून त्यांनी तुझ्या बापाला सॅल्यूट ठोकला. मग सगळेच वळले आणि त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवायला लागले. मला डायरी आणि गुलाबाचं फूल मिळालं.

तुझ्या बापानं टोपी काढून मांडीवर ठेवली होती. त्याचा चेहरा मी तेव्हा बघितलाच नाही. लोक माझं अभिनंदन करत होते.

घरी येताना तो माझ्या चार पावलं पुढे चालला. संध्याकाळी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी बोलला नाही. तोवर कुणी तरी मोबाइलवर घेतलेला माझा तो पराक्रम आपल्या ग्रुपवर टाकला होता आणि तू लिहिलंस, "बाबा, तुम्ही हे कधीच सांगितलं नाहीत. टाळ्या कसल्या वाजवताय सगळे? ते सुरुंग कुणी पेरले होते? हुकूम पाळला म्हणजे माणूस सुटतो का?" मला झोंबलं. मी लिहिलं, "एसीत बसून लॅपटॉप बडवणाऱ्यांनी लढाईवर बोलू नये." तू ग्रुप सोडलास. तू त्याला फोन करत राहिलीस आणि तो उचलत नव्हता, म्हणून तुला वाटलं तुझ्या बोलण्यानं बाप रागावला. तसं नाही गं. तो तुझा फोन वाजला की मोबाइल हातात घ्यायचा, तुझं नाव दिसतंय तोवर बघत राहायचा आणि वाजायचा थांबला की उपडा ठेवायचा. तुझा तो निरोप त्यानं किती वेळा वाचलाय, मी बघितलंय. चष्मा पुसून पुसून वाचतो.

सहाव्या दिवशी तो बोलला. मी भाकरी करत होते. दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "टाळ्या कशापायी वाजवल्या त्यांनी?"

मी म्हटलं, "अरे, तू चांगलंच केलंस ना. ओरडलास."

"तारेचं का न्हाय सांगितलंस?"

तव्यावरची भाकरी जळली.

"म्या कुणाला सांगितलं न्हवतं ते तुला सांगितलं," तो म्हणाला. "तू ते धुवून, इस्त्री करून लोकांला दाखवलंस. सांगितल्याचा राग न्हाय. अर्ध्याचा हाय."

मी रडले, पाया पडायची बाकी राहिले. म्हटलं, येत्या बुधवारी जाऊन पुरं सांगते. तो म्हणाला, "सांग." त्या दिवशी त्यानं अर्धी भाकरी खाल्ली. मला वाटलं, सुटलो.

बुधवारी मी गेले. आहारावर बोलायला कुणी बाई यायच्या होत्या. अध्यक्षांना म्हटलं, मला तीन मिनिटं द्या. ते म्हणाले, "ताई, गेल्या वेळचा विषय संपला. निकाल लागला." मी म्हटलं, "निकाल चुकीचा लागला." त्यांनी घड्याळ बघितलं, मग घंटेवर हात ठेवून म्हणाले, "बोला, पण तीन म्हणजे तीन."

मी सगळं सांगितलं. कोण थांबतंय विचारलं तेव्हा हात वर झाला नाही ते. तार गुंडाळली ते. शाबासकी मिळाली ते. मी ते जाणूनबुजून गाळलं होतं, ते पण. मला वाटत होतं की आता हॉल शांत होईल, कुणी तरी मान खाली घालेल. काय झालं सांगू? सगळ्यांनी मला धीर दिला. सॅल्यूट ठोकणारे गृहस्थ म्हणाले, "अहो ताई, लढाईत असं होतंच. शेवटी ते शत्रूचे लोक." एक आजी म्हणाल्या, "पोरवय होतं हो त्यांचं, देव बघतो सगळं." कुणी म्हणालं, त्यांनी आपल्या लोकांना काय कमी त्रास दिला? कुणी म्हणालं, नकाशा दिला होता ना, मग झालं तर. अध्यक्ष म्हणाले, "आपल्या बंधूंना सांगा, त्यांचा काही एक दोष नाही. संघाच्या वतीनं सांगा." आणि घंटा दाबली. मग आहाराच्या बाईंनी ज्वारी-नाचणीवर बोलायला सुरुवात केली.

फक्त त्या इतिहासाच्या बाई बाहेर चपला घालताना माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "त्या दिवशी जिंकलात, आज हरायला आलात. पण इथं हरू कोण देणार तुम्हाला?" त्यांच्या बोलण्यात टोमणा होता की दया, मला अजून ठरवता आलं नाही.

घरी आले. तो खुर्चीत वाट बघत बसला होता, टोपी घालून, जसं काही कुणी बोलवायला येणार होतं.

"सांगितलंस?"

"सगळं सांगितलं. तारेचं पण."

"मग?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण एकदा बोलून झालं होतं. म्हटलं, "म्हणाले, तुझा काही दोष नाही."

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "एक पण न्हाय म्हणाला, की चुकलं?"

"नाही."

"मग तिला कुणीच मारलं न्हाय म्हण की. साहेबानं न्हाय, म्या न्हाय, देशानं न्हाय. आपली आपण मेली."

त्यानंतर त्यानं जेवण टाकलंय. अगदी सोडलं नाही, दोन घास खातो, माझ्या तोंडाकडे बघून. साखरेच्या गोळ्या मी हातावर ठेवते, तो हात तसाच धरून बसतो. दुपारी खुर्चीच्या दांडीवर बोटं अशी गोल फिरवत बसतो, काही तरी गुंडाळल्यासारखी. काय करतोय ते आधी मला कळलं नव्हतं. आता कळतं आणि मी स्वयंपाकघरात निघून जाते. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर येऊन गेले. साखर तपासली आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, "मावशी, हे असंच चाललं तर भरती करावं लागेल, आणि या वयात भरती केलेला माणूस..." पुढचं त्यांनी वाक्य सोडून दिलं. 

मी काय काय करून बघितलं ते विचारू नकोस. गोड बोलले, रागावले, तुझ्या आईची शपथ घातली. एक दिवस तर म्हटलं, "बरं, चुकलं तुझं. घोर चुकलं. ऐकलंस? आता गोळी घे." तो कसनुसा हसला. म्हणाला, "तू बहीण हायस, आक्के. तुला तसं वाटत न्हाय. मला गोळी गिळवायला म्हणतीस." खरंच होतं ते. मला तसं वाटत नाही. मला आत कुठं तरी वाटतं की माझ्या भावाचा पाय शाबूत राहिला, तो परत आला, झालं. पलीकडची बाई मला दिसते, पण धुक्यातून. माझा भाऊ मला लख्ख दिसतो. मग मी न्याय काय करणार? मी ज्या दिवशी हॉलमध्ये उभी राहिले, त्या दिवशीही हेच केलं, आणि टीव्हीवर बघून पलीकडच्यांना शिव्या घालणारे आमच्या संघातले सगळे हेच करतात. ज्याचं त्याला आपलं माणूस लख्ख दिसतं.

परवा सकाळी मी त्याला विचारलं, "मग तुला हवंय तरी काय? फाशी देऊ का तुला?"

त्यानं तुझा तो निरोप काढून मोबाइल माझ्यापुढे धरला. म्हणाला, "हिनं विचारलं. एकटीनं विचारलं. हिला सांग, सगळं. लिहून सांग, माझ्या तोंडातनं निघायचं न्हाय."

मी म्हटलं, "ती तुझी पोर आहे. ती रागावेल तुझ्यावर. कदाचित तुझं तोंड बघणार नाही."

"रागवंल," तो म्हणाला. "रागवू दे की. कुणी तरी रागवाय पायजे तिच्या बाजूनं."

कुणाच्या बाजूनं ते मी विचारलं नाही.

म्हणून हे लिहिलंय. तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. हुकूम पाळला म्हणजे माणूस सुटतो का? इथं तर हुकूमही नव्हता, नुसती सवय होती. देशाला दोष द्यावा तर तो कुणाच्याच वाट्याला येत नाही, आणि एकट्या माणसाला द्यावा तर तो त्याच्यात मावत नाही. त्या बाईचं नाव गाव काही माहीत नाही, नाहीतर मी तिच्या लेकराबाळांच्या दारात जाऊन उभी राहिले असते. मला माहीत असलेलं दार एकच आहे, तुझं. मी तुझं बोलणं हसण्यावारी नेलं, तुला टोचून बोलले, त्याची माफी मागते. मोठी माणसं मागतात तशी आडून नाही, सरळ मागते.

पण आता त्याला फोनवर काही सांगू नकोस. त्याला माफ कर, असं मी म्हणत नाही. ते मी कोण सांगणार? तुला जे वाटतं ते त्याच्यासमोर बसून बोल. ओरडावंसं वाटलं तर ओरड, रडावंसं वाटलं तर रड, पण त्याच्या डोळ्यांत बघून म्हण. दोष नाही, असं तेवढं म्हणू नकोस. ते त्यानं पुरेसं ऐकलंय, आणि त्यानंच तो दिवसागणिक आटत चाललाय. त्याच्या मनगटावरचं घड्याळ आता कोपरापर्यंत सरकतं.

सुट्टी मिळत नसेल तर भांडून घे. दिवाळीला येते म्हणाली होतीस ते लक्षात आहे, पण दिवाळीपर्यंतचं मला धरवत नाही. बंगळूरच्या बसगाड्या आपल्या वारज्याच्या पुलापाशीच थांबतात, सकाळी सहाला उतरशील. मी खाली उभी राहते, तू काही रिक्षा शोधू नकोस. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, सरळ वर त्याच्याकडे जा. फक्त ये, पोरी. या आठवड्यातच ये.